एकोणीस मिनिटांची ओहोटी

जयगड, १२ नोव्हेंबर २०२४

श्री. सुजय नाबर यांस नमस्कार.

त्या सकाळी केर काढून झाला होता. बांगडे मीठ लावून अंगणात जाळ्यावर पसरले, मीठ कमी पडलं म्हणून सुनेला दुकानात पाठवलं, दोनदा कावळ्यांवर काठी उगारली, आणि चहाचं आधण उकळेपर्यंत रद्दीतला एक कागद वाचत पायरीवर बसले होते. तेवढ्यात पोस्टमन आला. म्हणाला, काकी, खंडूकाकांच्या नावाचं आहे, देऊ की परत पाठवू? मी म्हटलं, दे. त्यांच्या नावाने अजून बँकेचं येतं, विजेचं येतं. हाताने लिहिलेलं हे पहिलंच.

मी त्यांची बायको, हिरा. हे गेले. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात, गणपती जाऊन आठवडा झाला होता. छातीचं दुखणं होतं. तुम्ही पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंय, "खंड्या, जिवंत आहेस ना?" तर त्याचं उत्तर हे असं द्यावं लागतंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

हे मुंबईबद्दल फार बोलत नसत. ससून डॉकवर बर्फ फोडायचे, मामाच्या खोलीवर राहायचे आणि संध्याकाळी दोन मित्रांबरोबर काहीतरी वाजवायचे, एवढं मला माहीत. काय वाजवायचात म्हणून विचारलं तर म्हणायचे, "लांबलचक." पुढे काही नाही.

तुम्ही फोन नंबर दिलाय, पण फोनवर मला बोलणं सुचत नाही. कागदावर खोडता येतं. मी चौथी शिकले. पुढचं वाचन सुकी मासळी बांधायच्या रद्दीवर केलं, म्हणून माझ्या बऱ्याच गोष्टी अर्ध्याच वाचलेल्या आहेत. तुम्ही पत्रात जुन्या टेपांचं लिहिलंय, ती गोष्ट तरी मला पूर्ण कळवा.

आपली,
हिरा डोर्लेकर



गिरगाव, २१ नोव्हेंबर २०२४

हिरावहिनी,

मित्राची बायको म्हणून वहिनी म्हणतो, चालेल ना?

तुमचं पत्र वाचून मी आमच्यातल्या तिसऱ्याला, व्हिक्टरला, फोन केला. तो आता वसईला असतो. त्याला सगळं वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, "साल्याने शेवटीही न सांगता कलटी मारली." शिवी आहे, पण प्रेमाची आहे. माफ करा.

आता गोष्ट. आमचा तिघांचा बँड होता. मी ऑर्गन, व्हिक्टर गिटार, खंडू ढोल, ड्रम, तेलाचे डबे, हाताला लागेल ते. बँडचं नाव "कातळ". ते खंडूनेच ठेवलं. तुमच्याकडचा सडा, ते कातळाचं उघडं पठार, आम्ही कधी पाहिला नव्हता, त्याच्या बोलण्यातून पाहिला. आमचं संगीत प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे गाणं तीन मिनिटांत गुंडाळायचं नाही. मध्येच चाल बदलायची, ताल बदलायचा, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण प्रवासाला निघालोय. बहुतेकांना वाटायचं की आपण चुकीच्या गाडीत बसलोय.

खंडू गावी गेल्यावर दुसरा ड्रमर घेऊन चौऱ्याऐंशी साली आम्ही एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. आता विशीतली पोरं ती इंटरनेटवर ऐकतात आणि आम्हाला विचारतात, ह्याच्या आधीचं काय? आधीचं सगळं व्हिक्टरच्या माळ्यावर होतं, स्पूलच्या टेपांवर. सानवी नावाची एक मुलगी छोटी रेकॉर्ड कंपनी चालवते. तिने त्या टेपा मंद आचेवर भाजून (हो, खरंच भाजतात, म्हणजे चिकटपणा जातो) त्यातून आवाज काढलाय. सगळी सुरुवातीची गाणी एकत्र करून तबकडी काढायची आहे. सगळ्यांत खंडू आहे. "ओहोटी" नावाचं गाणं एकोणीस मिनिटांचं आहे. त्यात त्याचा ठेका असा काही आहे की तो कधी सात मात्रांचा वाटतो, कधी नऊचा. आम्ही बोटं मोजायचो आणि चुकायचो. तो मोजायचाच नाही.

तबकडी काढायला त्याच्या वारसाची संमती लागते, म्हणजे तुमची. कागद सोबत आहे. कव्हरवर छापायचा मजकूर मी लिहिलाय, तोही पाठवतो. तुमच्या नजरेखालून जावा.

तुमचा,
सुजय



जयगड, ३ डिसेंबर २०२४

सुजयभावोजी,

वहिनी चालेल.

टेप भाजतात हे वाचून नम्रता, माझी सून, बराच वेळ हसत होती. तिने विचारलंय की तेल लावून भाजतात की कोरडी.

एकोणीस मिनिटांच्या गाण्याचं तुम्ही अपूर्वाईने लिहिलंय. आमच्या रात्रभराच्या नमन-खेळ्यात गणपती स्टेजवर यायलाच त्याहून जास्त वेळ जातो आणि लोक घोंगडी पांघरून बसलेले असतात. त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. तुमचं संगीत ऐकायला माणसं मुंबईत शोधलीत, तीच चूक झाली असावी.

आता मजकुराचं. चांगला लिहिलाय. ह्यांच्या दंडाचं आणि हसण्याचं लिहिलंय ते तसंच्या तसं आहे. पण शेवटून दुसरं वाक्य मी दहादा वाचलं. "१९८२च्या शिमग्याला खंडू गावी गेला, घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलं, आणि एक मोठा वादक कायमचा गप्प झाला."

भावोजी, हे वाक्य तुम्ही आता छापताय. मी ते बेचाळीस वर्षं मनात वाचतेय.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "मुंबयत वाजवीत बसायचा. तू आलंस नि सुटला." त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. मला तेव्हा बरं वाटलं. पुढे वाचायला लागले, तसं बरं वाटणं कमी झालं. कुणी गाणं सोडलं, कुणी चित्रं सोडली, आणि मग आतल्या आत कसा झुरला, असं पुस्तकांत फार असतं. हे झुरताना दिसत नव्हते. पण घरात ह्यांनी ढोलाला कधी हात लावला नाही. शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजायचे तेव्हाही हे हात मागे बांधून गर्दीत उभे. मी बघायचे, पण वाईट वाटतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. होय म्हणाले असते तर मी काय करणार होते?

म्हणून कागदावर सही केलेली नाही. वाक्य खोटं असेल तर छापू नका. खरं असेल तर छापा, माझ्यासाठी लपवू नका. पण मला आधी कळायला हवं, आणि हे सांगणारा माणूस तर गेला. तुम्हाला काय माहीत आहे?

हिरा



गिरगाव, १२ डिसेंबर २०२४

वहिनी,

तुम्ही रागावलात. रागवायलाच हवं. ते वाक्य काढून टाकलंय. मी विमा कंपनीत पस्तीस वर्षं मसुदे लिहिले, तिथे एक स्वल्पविराम चुकला तरी साहेब बोलावून घेई, आणि इथे माणसाच्या आयुष्याबद्दल मी असं फटकन लिहून मोकळा झालो.

पण तुम्ही विचारलंत म्हणून जेवढं माहीत आहे ते सांगतो, आणि ते फार नाही. शिमग्याला जातो, पाच दिवसांनी येतो म्हणाला. आला नाही. महिन्याने एक कार्ड आलं: "लग्न ठरलं. होडीत वाटा घेतला. तुम्ही वाजवा." बाकी आम्ही आमच्या मनाने जुळवलं. वीस-बावीस वर्षांची मुलं होतो. मित्र आपल्याला सोडून स्वतःच्या मर्जीने गेला असं मानण्यापेक्षा त्याला कुणीतरी नेलं असं मानणं सोपं होतं. व्हिक्टर अजून तेच म्हणतो. तो म्हणतो, असा हात देवाने दिल्यावर कोण बांगडे पकडायला जातं?

त्याला मी म्हटलं, बांगडे खाताना तू असं बोलत नाहीस.

सानवीने सगळी गाणी सीडीवर घालून दिलीत, सोबत एक छोटा प्लेअर आहे. बटण एकच आहे. तुम्ही ऐका. तिसरं गाणं "ओहोटी". शेवटी वाजवणं थांबल्यावरही टेप चालू राहिली आहे आणि त्यात खंडूचा आवाज आहे. दोनच शब्द. ऐकून तुम्हालाच कदाचित काहीतरी कळेल, जे आम्हाला कळलं नाही.

सुजय



जयगड, ६ जानेवारी २०२५

सुजयभावोजी,

पार्सल पोचलं. मी रागावलेली नाही. मी सरळ लिहिते, ते कागदावर रागासारखं दिसत असेल.

प्लेअर कपाटावर ठेवलाय. दीपेश, माझा मुलगा, इथे कंपनीच्या बंदरात क्रेनवर असतो. तो रोज रात्री विचारतो, आई, लावू का? मी नको म्हणते. कारण सांगते, तुम्ही हसू नका. ह्यांचा आवाज कुणी फोनवर भरून ठेवला नाही. तो माझ्या डोक्यातच आहे. सकाळी समुद्रावरून आल्यावर "हिरा, पाणी" म्हणायचे तो, जरा बसलेला, बिडीने खरबरीत झालेला. दोन वर्षं मी तो सांभाळलाय. आता तुमच्या टेपेतला बावीस वर्षांचा आवाज कानात गेला आणि हा पुसला गेला, तर मी काय करू?

तुमची तबकडी खोळंबली आहे हे मला कळतं. अजून थोडं थांबा.

हिरा



गिरगाव, १५ जानेवारी २०२५

वहिनी,

हसलो नाही.

तबकडी फेब्रुवारीअखेर छापायला जायची आहे. तुम्ही सही केली नाहीत तर खंडूचं वाजवणं काढावं लागेल, आणि ते काढलं तर उरतं ते मी आणि व्हिक्टर एकमेकांवर ओरडतोय एवढंच. सानवी म्हणाली, मग तबकडीच नाही काढणार. मी म्हटलं, बरोबर. ह्यात दडपण काही नाही. खरं तेवढं कळवतोय.

तुमच्या सुनेला सांगा, कोरडी भाजतात.

सुजय



जयगड, ४ फेब्रुवारी २०२५

सुजयभावोजी,

हे पत्र मोठं होणार आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या बुधवारी दुपारी मी अंगणात सुकट निवडत होते. रावजी पलीकडे जाळं शिवत बसला होता. रावजी म्हणजे आमच्या होडीचा तांडेल, होडी तोच चालवतो. शाळा सोडल्यापासून तो ह्यांच्याबरोबर समुद्रावर होता. हे गेल्यापासून जाळं शिवायला मुद्दाम आमच्याच अंगणात येतो. कारण सांगत नाही, मीही विचारत नाही.

तुमचं पत्र मला सुकट निवडताना आठवत होतं. एकाएकी वाटलं की मी एक आवाज सांभाळून दुसऱ्याचं तोंड दाबून ठेवलंय, आणि दोघं एकच आहेत. नम्रताला म्हटलं, आण तो प्लेअर. ती हात न धुताच धावली.

पहिलं गाणं सुरू झालं. रावजीने वर बघितलं आणि विचारलं, "नमू, मिक्सर लावलंस काय गो?" तो तुमचा ऑर्गन होता, भावोजी. मला वाईट वाटलं, पण हसू आवरलं नाही. दुसऱ्या गाण्यात व्हिक्टरभावोजींची गिटार आल्यावर कोंबड्या पळाल्या. मग "ओहोटी".

मी डोळे मिटून बसले होते. सुरुवातीला नुसता डबा वाजतो, लांबून आल्यासारखा. मग ढोल. मला संगीतातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की वाजवणारा मजेत आहे. डोळे उघडले तर रावजीचा हात थांबलेला. सुई जाळ्यात तशीच. मग त्याचं अंग पुढे-मागे व्हायला लागलं, दोन्ही मुठी आवळलेल्या, जसं काही हातात दोर आहे. त्याच्या हे लक्षातही नव्हतं. मध्ये एका जागी सगळं वाजवणं थांबतं, तुम्हाला माहीतच आहे. नम्रताला वाटलं बिघडलं. ती उठायला गेली तर रावजीने हात वर केला.

"ऱ्हा. लाट यायचीय." आणि मग म्हणाला, "आता."

आणि ढोल आला. बरोबर तिथेच.

मी विचारलं, तुला कसं कळलं? तू हे कधी ऐकलंस?

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. म्हणाला, "वयनी, खंडूदादाची ही ओढ. आमी जलमभर हिच्यावरच जाळं ओढलं."

मग त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. जाळं ओढायची वेळ झाली की हे होडीच्या फळीवर बसायचे, गुडघ्यात डिझेलचा रिकामा डबा. एक हात फळीवर, एक डब्यावर. बाकीचे त्या ठेक्यावर ओढायचे. लाट होडीला उचलते तेव्हा ओढायचं नाही, दोर तुटतो. ती खाली बसली की ओढायचं. प्रत्येक लाट सारखी नसते, म्हणून ठेकाही सारखा नसायचा. पण कुठे थांबायचं ते ह्यांचा हात सांगायचा. सगळ्या होड्यांमध्ये आमच्या होडीची माणसं कमी दमायची, असं रावजी म्हणाला. कंटाळवाणे दिवस असले, मासळी नसली, की नुसतंच वाजवायचे. तास तास. पोरं म्हणायची, दादा, पुरे. हे म्हणायचे, अजून संपलं नाय.

लांबलचक, भावोजी.

मी म्हटलं, अरे, एवढी वर्षं मला कुणी बोललं कसं नाही? तर म्हणाला, "तुमी इचारलंत कधी? नि होडीवरचं होडीवरच ऱ्हातं." त्याचंही खरं आहे. आमच्याकडे बाई मासेमारीच्या होडीवर चढत नाही. मी खाडीपलीकडे तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीतून पाहिजे तेवढ्या वेळा गेले असेन, पण ज्या होडीवर माझं घर चाललं तिच्या फळीला माझा पाय कधी लागला नाही. आम्ही किनाऱ्यावर उभ्या राहायच्या, टोपल्या घेऊन. होडी आत येताना इंजिनाचा आवाज, तेव्हा हे हात धुऊन उभे असायचे. मी किनाऱ्यावरचा माणूस बघून होडीवरच्या माणसाची कीव करत बसले.

मग एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती विचारली. ह्यांना मुंबईचं वाजवणं सुटल्याचं दुःख होतं का? रावजीने जाळ्याची गाठ मारून दाताने सूत तोडलं. त्याला घाई नव्हती.

म्हणाला, "मी बी एकदा इचारलं व्हतं. दादा, मुंबयचं वाजवणं कशापायी सोडलंव? तर माझ्याकडं बघून हसलं नि म्हणालं, सोडलं कुटं?"

नम्रता आत निघून गेली. मी सुकट निवडत राहिले, पण त्या दिवशीच्या सुकटीत कचरा बराच राहिला असणार.

नंतर टेपेतले ते दोन शब्द ऐकले. वाजवणं संपतं, कुणीतरी खोकतं, कुणीतरी भांडतं (ते तुम्ही असाल), आणि मग हे म्हणतात, "परत वाजवूया?" पातळ आवाज, दीपेशचा कॉलेजात असताना होता तसा. मी घाबरत होते तसं झालं नाही. माझा आवाज जागेवर आहे. हा दुसराच कोणी मुलगा आहे, त्याला मी ओळखत नव्हते. पण मला आवडला. लग्नाआधी भेटला असता तरी मी होच म्हटलं असतं.

सही केलेला कागद सोबत आहे. त्या काढलेल्या वाक्याच्या जागी हे छापा, मी दोनदा लिहून बघितलंय: "खंडू डोर्लेकर, ढोल आणि डबे. १९८२ नंतर त्याने जयगडच्या समुद्रावर शेवटपर्यंत वाजवलं." आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण कव्हरवर "आमचे हे" छापलं तर पोरांना कळायचं नाही.

व्हिक्टरभावोजींना सांगा, ह्यांना कुणी नेलं नव्हतं. हे गेले, आणि ढोल घेऊनच गेले. वाईट वाटायचंच असेल तर एवढंच वाटून घ्या की तुमच्यापेक्षा समुद्राबरोबर ह्यांचं जास्त जमलं. तबकडी आली की दोघंही इथे या. कोंबड्यांना मी सवय करून ठेवते.

त्या बुधवारी संध्याकाळी रावजी जाळं गुंडाळून निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला होडीवर यायचंय. त्याने जाळं खांद्यावर चढवलं. मग म्हणाला, बाई चढली तर जाळं रिकामं येतं असं म्हणतात. मी म्हटलं, कोण म्हणतं? म्हणाला, सगळेच. मी म्हटलं, रिकामं आलं तर बाजारात काय विकायचं ते माझं मी बघते. तो म्हणाला, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, हसणाऱ्यांनाच मी रोज मासळी विकते. तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून मागे न बघता बोलला, "पाचला निघतंय. थांबणार नाय."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी होडीवर चढले. जयगडच्या दीपगृहाचा दिवा मागे गेल्यावर मला उलटी झाली. मग रावजीने फळीवर हात मारायला सुरुवात केली, आणि मी इतरांच्या बरोबरीने दोर धरून जाळं ओढलं.

हिरा